सुभद्राकाकूंचे बुधवार-रविवार

सुभद्राकाकूंच्या पोथीचं एक पान खालच्या कोपऱ्यात फाटलेलं होतं. त्या तुकड्याबरोबर दीड-दोन ओळींचे शेवटचे शब्द कधीच हरवले होते. वाचता वाचता काकू तिथवर आल्या की थांबत. जेवढे शब्द गेले होते तेवढाच वेळ थांबत आणि मग पुढची ओळ सुरू करत. खरं तर ते शब्द त्यांना पाठ होते. समोर बसलेल्या निम्म्या बायांनाही पाठ होते. पण काकू थांबल्या की कोणी ओठसुद्धा हलवत नसे. सगळ्या त्या गेलेल्या शब्दांची वाट बघितल्यासारख्या बसून राहत.

मी एकदा विचारलंच, "काकू, पाठ आहे तर म्हणून काऊन नाही टाकत?"

"कागदावर नाही ते माह्या तोंडात कसं येईन वं?" त्या म्हणाल्या. "लिहिलं तसं वाचाव. आपल्या पदरचं घालू नये."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आपल्या पदरचं घालू नये. सुनेला भाजीचं माप सांगताना, एसटीचं वेळापत्रक वाचून दाखवताना, कोणाच्या भांडणात साक्ष द्यायची वेळ आली तरी तेच. काकू सांगतील ते जसंच्या तसं असणार, याची सगळ्या गल्लीला खात्री होती.

मोताळ्याला मी लग्न होऊन आले ती फार्मसीची पदविका घेऊनच. वर्षाच्या आत घराच्या पुढच्या खोलीत औषधांचं दुकान टाकलं. समोर काकूंचं घर, मधे एक गल्ली आणि एक कडुनिंब, एवढंच अंतर. वर्षातून तीनदा तरी काकूंकडे शेगावच्या महाराजांच्या पोथीचं एकआसनी पारायण असे. सकाळी सातला बसायचं आणि शेवटचा अध्याय संपेपर्यंत आसनावरून उठायचं नाही. मधे पाणी नाही, कोणाशी बोलणं नाही. दीड-दोन वाजत. त्यांच्या सासूनं असंच वाचलं होतं, याच पोथीवर. शेगाव इथून दीड-दोन तासांवर, तिथे जाणारे पुष्कळ. पण आमच्या गल्लीतल्या बाया म्हणत, काकूंची पोथी ऐकली की आमचं शेगाव झालं.

काकूंचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही, उगाच खोटं कशाला? जरा घोगराच होता. पण तो एका लयीत चालायचा, ना वर ना खाली, आणि दहा-साडेदहा झाले की गल्लीचं सगळंच त्या लयीत चालू लागे. कापसाचा टेम्पो गेला तरी हळू गेल्यासारखा वाटे. कडुनिंबाची सावली माझ्या पायरीवर यायची, मग काउंटरवर चढायची. मी गोळ्यांची पाकिटं हातात धरून उभी आणि डोळे मिटलेले. गिऱ्हाईक येऊन दोन हाका मारायचं तेव्हा मी जागी व्हायची. अजूनही एखाद्या रिकाम्या दुपारी तो आवाज येतो. मान वर करून बघते तर समोर फक्त ऊन.

त्या आवाजाला पहिल्यांदा खीळ बसली ती कार्तिकातल्या एका पारायणात. काकू तेव्हा साठीच्या पुढे दोन-तीन वर्षं असतील. मी दुकानातूनच ऐकत होते. मधलाच कुठला तरी अध्याय चालू होता आणि आवाज थांबला. मला वाटलं फाटलेलं पान आलं. पण त्या पानाला अजून वेळ होता. मी पाहिलं तर काकू उठलेल्या, पदर तोंडावर धरलेला, घाईघाईनं मागच्या दाराकडे निघालेल्या. पाच मिनिटांनी परत आल्या, पण आसनावर बसल्या नाहीत. पोथीला हात जोडले, ती लाल कापडात गुंडाळली आणि म्हणाल्या, "खंडित झालं, बायांनो. माफी करा."

बाया उठून गेल्या. जाता जाता कुजबुजल्याही. काकूंचं मन राह्यलं नाही पोथीत, महाराज परीक्षा पाहून राह्यले, असलं काहीबाही. पोथी देवघराच्या वरच्या फळीवर गेली आणि तिथेच राहिली. माघ आला, चैत्र गेला. कोणी विचारलं की काकू म्हणत, "आता माह्यानं होत नाही."

आता माझं ऐका. काकूंना लघवीला जळजळ होते हे मला त्याआधीपासून ठाऊक होतं. त्या दुकानात यायच्या, बाकीची गिऱ्हाईकं जाईपर्यंत उगाच टूथपेस्ट न्याहाळत उभ्या राहायच्या आणि मग हळूच म्हणायच्या, "सुमन, ते मागचंच दे." मी द्यायची. कसली चिठ्ठी नि कसलं काय! जंतू मारायच्या गोळ्यांचं पाकीट आणि सोबत ते गुलाबी पातळ औषध. चार दिवस बरं वाटायचं, महिन्याभरात पुन्हा तेच. एकदा लघवी तपासली तर काहीच निघालं नाही, सगळं स्वच्छ. तरी मी पुन्हा गोळ्या दिल्याच. औषधं शिकलेली बाई मी! आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. आणि काकू काय करत होत्या, तर घाई होते म्हणून पाणीच पीत नव्हत्या. पारायणाच्या आदल्या दुपारपासून त्यांनी घोटभर पाणी घेतलं नव्हतं, हे मला त्यांच्या सुनेनं, वंदनानं, फार उशिरा सांगितलं.

शेवटी मीच त्यांना ओढत बुलढाण्याला नेलं. तिथे एक बाईडॉक्टर होत्या, फक्त बायकांना तपासणाऱ्या. मोताळ्याहून बुलढाणा म्हणजे राजूरचा घाट आलाच. पावसाळा नुकताच सरला होता, डोंगरावर पिवळंधमक गवत डोलत होतं, ढग अगदी एसटीच्या टपाला टेकल्यासारखे. मी खिडकीतून बघत होते, गाडीच्या हेलकाव्यांनी मला डुलकी लागत होती. काकूंचा हात माझ्या मनगटावर घट्ट आवळला तेव्हा डोळे उघडले.

"सुमन, गाडी थांबवाले सांग."

कंडक्टर भला माणूस. त्यानं काही न विचारता घंटी मारली. काकू झुडपाआड गेल्या नि आल्या. अख्खी गाडी दुसरीकडे बघत बसली होती, हे त्याहून वाईट. त्या सीटवर येऊन बसल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "थेंबभर वं. थेंबासाठी मी येवढ्या लोकायची गाडी थांबवली." त्या रडत होत्या. काकूंना रडताना मी तेव्हाच काय ते पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना नीट तपासलं, घाई केली नाही. पाळी जाऊन किती वर्षं झाली, खाज येते का, कोरडं वाटतं का, कधी रक्त दिसलं का, छातीत गाठ किंवा कर्करोग झाला होता का, सगळं विचारलं. काकू एकेक उत्तर द्यायच्या, माझ्याकडे बघत, जणू मीच परीक्षेला बसले आहे. मग बाई म्हणाल्या, "काकू, तुम्हाला जंतूबिंतू काही नाही. पाळी जाते तेव्हा अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं. त्यानं खालची जागा कोरडी पडते, कातडी पातळ होते, लघवीच्या वाटेचीही. म्हणून आग आणि म्हणून घाई. हे पुष्कळ बायकांना होतं, फक्त कोणी सांगत नाही. मी मलम देते. नळीनं आत लावायचं, झोपताना. पंधरा दिवस रोज, मग आठवड्यातून दोनदा. औषध तिथल्या तिथं काम करतं, अंगात फार जात नाही. पण रक्त दिसलं तर लगेच यायचं."

काकूंनी एकच विचारलं, "मंग सहा-सात तास बसता येईन काय?"

"कुठे बसायचंय?"

"पोथीले."

डॉक्टरीणबाई थोडं हसल्या. "तीन महिने द्या मला. आणि पाणी प्यायचं, ते सोडायचं नाही."

घरी आल्यावर मी ट्यूबच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहून दिलं. पहिले पंधरा दिवस रोज रात्री, त्यानंतर सोमवार आणि गुरुवार. वार माझ्याच डोक्यातून काढले. मधे अंतर सारखं पडतं आणि लक्षात राहतात, एवढाच हिशेब. खोक्यातला कागद वंदनानं वाचला नि घाबरून धावत आली, त्यात काय काय भयंकर लिहिलंय म्हणून. तिला बसवून समजावलं, की त्यातलं बरंचसं पोटात घ्यायच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचं आहे, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारायचं ते सगळं विचारून मगच दिलंय. ती गेली. मला वाटलं, झालं आपलं काम.

पंधरा दिवसांनी काकू दारात येऊन म्हणाल्या, "उतार पडून राह्यला वं." चेहऱ्यावर रंग आला होता. मी खूश. पण पुढच्या महिन्यात त्या पुन्हा अंगणातून आत, आतून अंगणात. मी खाणाखुणांनी विचारायची, त्या मान हलवायच्या. दोन महिने गेले तरी तेच. आणि एक दिवस माझ्या डोक्यात उजेड पडला, की काकू दुसरी ट्यूब न्यायला आल्याच नाहीत!

दुकान तसंच उघडं टाकून मी समोर गेले. काकू ओसरीत तुरी निवडत होत्या.

"काकू, मलम लावता ना?"

"हाव, लावलं ना. पंधरा दिवस रोज."

"अन् मग?"

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "अवं, तुनं सोमवार अन् गुरुवार लिहून देल्लं. सोमवार महादेवाचा, गुरुवार महाराजायचा. दोन्ही दिवस माहा उपास. त्या दिवशी खालच्या आंगाले हात लावून औषध घालू काय?"

"अन् पहिल्या पंधरा दिवसांत सोमवार नाही आला?"

"आला ना. त्या पंधरा दिवसांत म्या उपासच नाही धरले. महाराजायले सांगून ठेवलं होतं, पंधरा दिवसाची रजा द्या म्हनून. जन्मभराची रजा कशी मागू?"

मी कपाळावर हात मारला. "अहो काकू, मग मंगळवारी लावायचं! कोणत्याही वारी लावायचं!"

त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मीच काहीतरी अघटित बोलले. "तुनं लिहिलं होतं, पोरी. लिहिलेलं म्या आपल्या मनानं कसं बदलाव?"

मला हसू यावं की रडू, कळेना. देवा रे! दोन महिने या बाईनं आग सोसली. ना उपासाचा नेम मोडला ना माझं अक्षर मोडलं. आणि तोंडातून चकार शब्द नाही. चूक त्यांची नव्हतीच. ज्या बाईला मी फाटक्या पानाशी थांबताना वर्षानुवर्षं ऐकलं, तिला मी लिहून दिलं, आणि लिहिताना तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेगावच्या इतक्या जवळ राहून मला गुरुवार आठवू नये!

खोकं मागवलं, पेन काढला, आधीचे वार खोडले. "सांगा, कोणता वार लिहू? मंगळवार?"

"देवीचा."

"शुक्रवार?"

"तो बी देवीचाच. संतोषीमातेचा."

"शनिवार?"

"मारुतीचा वं! इचारते काय?"

"मग बुधवार?"

काकूंनी वर बघून विचार केला. कडुनिंबाची पानं हलत होती, त्यांच्या तोंडावर उन्हाचे कवडसे सरकत होते. "बुधवार," त्या म्हणाल्या, "बुधवार आपल्या घरात कोनाचाच नाही. लिही."

"आता एकच उरला. रविवार."

"रईवार सूर्यनारायनाचा," काकू म्हणाल्या, आणि मी पेन खाली ठेवणार तोच त्यांचे डोळे बारीक झाले. "पन झोपाच्या टायमाले तो कुठं रायते? लिही, लिही."

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की वंदना आतून पळत आली. मी बुधवार-रविवार लिहिलं, खाली सही केली. काकूंनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि खोकं फडक्यात बांधलं.

त्यानंतर वाट बघणं आलं. मी काही विचारत नव्हते, फक्त समोर बघायची. अंगणातल्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. ओसरीत पाण्याचा तांब्या दिसू लागला, अर्धा रिकामा. बाजाराच्या दिवशी त्या बाजारात जाऊन आल्या, मेथीच्या दोन जुड्या घेऊन, सावकाश चालत, वाटेत तिघींशी बोलत. आणि एका सकाळी पाहते तर वरच्या फळीवरची पोथी अंगणात उन्हाला ठेवलेली, लाल कापड धुऊन दोरीवर.

त्या पारायणाला मी दुकान बंद ठेवलं. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, आज गाव आजारी पडलं तरी चालेल. सातला काकू बसल्या. मी भिंतीला टेकून बसले होते आणि पोथीत माझं लक्ष कसलं, मी काकूंच्या गुडघ्यांकडे बघत होते. नऊ वाजले. दहा वाजले. ज्या अध्यायाला त्या उठल्या होत्या तो आला. आवाज चालत राहिला, ना वर ना खाली. अध्याय मागे पडला. मग केव्हा तरी माझेही डोळे मिटले. उदबत्तीचा वास, बायांच्या बांगड्यांची किणकिण, छतावर उन्हानं कडकड वाजणारं टिन, आणि त्या सगळ्यातून तो घोगरा आवाज मला कुठे तरी घेऊन निघालेला. जाग आली ती तो थांबल्यामुळे. मी दचकले. पण ते फाटलेलं पान होतं. काकू थांबल्या, जेवढे शब्द तेवढ्याच, आणि पुढे गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, येऊ दिलं.

दीडच्या पुढे शेवटची ओळ झाली. आरती झाली. वंदना प्रसादाचं ताट घेऊन उठली, तेव्हा काकूंनी हातानं तिला थांबवलं. पोथी बंद केली, कापडात गुंडाळली, बाजूला ठेवली.

"आज मी थोडं बोलतो," त्या म्हणाल्या. "हे पोथीत नाही. हे माह्या पदरचं आहे, म्हनून पोथी बंद करून सांगतो."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. काकू आणि पदरचं?

"त्या कार्तिकात मी मधातून उठली. तुमाले वाटलं बुढीची भक्ती आटली. भक्ती नाही आटली, बायांनो, आंग आटलं होतं. पाळी गेली की आतून कोरडं पडते. लघवीले आग होते, घाई होते, खाज येते. मले वाटलं हे म्हातारपनच होय, सोसाव. नाही. त्याले औषध आहे. मलम आहे. पन आधी डॉक्टरीनले दाखवा, मनानं घेऊ नका, अन् या सुमनच्या मांगं लागून गोळ्या बी नेऊ नका. मी बुधवारी अन् रईवारी लावतो. कोनाले लाज वाटत असन तिनं मले एकटीले इचारा. माही लाज त्या घाटातच राह्यली."

 मग मागच्या रांगेतली एक बाई, वय असेल पन्नास-बावन्न, पदर डोळ्यांना लावून बसली ती रडतच राहिली. नवऱ्याजवळ जायला नको वाटतं, आग होते, आणि तो म्हणतो तुझं मन उडालं माझ्यावरून, हे तिनं तिथेच सांगितलं, सगळ्यांसमोर. काकू उठल्या, तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि मगच वंदनाला म्हणाल्या, "आता वाट प्रसाद."

त्या दिवसापासून दोन गोष्टी झाल्या. माझ्या दुकानात बाया डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन येऊ लागल्या, आणि चिठ्ठी पुढे करून म्हणायच्या, "ते बुध-रईवारचं दे." बस, तेवढंच, टूथपेस्ट न्याहाळायची गरज नाही. आणि दुसरं म्हणजे, काकूंच्या पारायणानंतर पोथी बंद झाली की कोणी लगेच उठेना. कोणी तरी एक जण आपल्या पदरचं बोलायची. कोणाचा गुडघा, कोणाचा घर सोडून गेलेला मुलगा, कोणाच्या छातीतली गाठ. ती गाठ वेळेत कळली, ते त्यामुळेच.

काकू मागच्या माघात गेल्या. झोपेतच, काही त्रास न होता. आदल्या संध्याकाळी पायरीवरून मला म्हणाल्या होत्या, "आज बुधवार ना वं?" मी म्हटलं, हाव. तेच शेवटचं बोलणं.

वर्ष व्हायच्या आत वंदनानं पोथी घेतली. त्याच पोथीवर, त्याच आसनावर. तिचा आवाज काकूंपेक्षा गोड आहे, पण लय तीच. फाटलेल्या पानाशी ती थांबली, जेवढे शब्द तेवढीच. शेवटची ओळ झाली, आरती झाली, पोथी कापडात गेली. आणि कोणी उठेना. कोणी बोलेनाही. जी बोलायची ती नव्हती, आणि दुसरीला धीर होईना. सगळ्या तशाच बसून राहिल्या.

मी भिंतीला टेकून बसले होते. माझी पाळी जाऊन दीड वर्ष झालंय. आठ महिने मला तीच आग आहे, तीच घाई. आठ महिने मी माझ्याच दुकानातल्या जंतूंच्या गोळ्या घेतेय, कपाटामागे उभी राहून, कोणी बघत नाही ना याची खात्री करून. मी, जी शेजारणींना ती ट्यूब कागदात गुंडाळून देते. समोर काकूंचं आसन होतं.

वंदना ताट उचलायला वाकली.

"थांब," मी म्हटलं. "हे पोथीत नाही. हे माझ्या पदरचं आहे."

वंदनानं ताट खाली ठेवलं आणि ती माझ्याजवळ येऊन बसली.